जोर नव्हे, नेम! घरातल्या हवाई बंदुकीचे शास्त्र आणि शिस्त

पनवेल तालुक्यातील शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. 4 नोव्हेंबर 1845 रोजी त्यांचा जन्म झाला आणि 1879 मध्ये त्यांनी इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले. त्याच्या अवघे एक वर्ष आधी, 1878 मध्ये, लॉर्ड लिटनच्या राजवटीने शस्त्र कायदा लादला होता. युरोपियनांना मोकळीक आणि हिंदी माणसाला मात्र परवान्याची सक्ती, असा तो उघड पक्षपाती कायदा होता. या देशातील माणसाच्या हाती शस्त्र देण्याइतका विश्वास परक्या सत्तेला त्याच्याविषयी वाटत नव्हता, हा त्याचा सरळ अर्थ.

स्वतंत्र भारताने 1959 मध्ये स्वतःचा शस्त्र कायदा केला. परवान्याची पद्धत राहिली, ती राहणे आवश्यकही होते. परंतु नागरिकावरील विश्वासाची एक छोटी खिडकी शासनाने उघडी ठेवली. ती म्हणजे कमी शक्तीची हवाई बंदूक. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार ज्या हवाई बंदुकीची ऊर्जा नळीच्या तोंडाशी 20 ज्यूलपेक्षा अधिक नाही आणि जिच्या नळीचा व्यास 4.5 मिलिमीटरपेक्षा अधिक नाही, तिला परवाना लागत नाही. जत्रेत फुगे फोडणारी छर्ऱ्याची बंदूक आणि ऑलिंपिकमधील दहा मीटर नेमबाजीची रायफल या दोन्ही याच खिडकीतून आपल्या घरात येतात. प्रश्न असा आहे की, या विश्वासाला आपण पात्र ठरतो आहोत काय?

जोर वाढवण्याचे वेड

आज ही बंदूक घेणाऱ्या तरुणाचा पहिला प्रश्न असतो, “जोर किती आहे?” दुसरा प्रश्न असतो, “तो वाढवता येईल का?” जाड स्प्रिंग बसवा, तेल सोडा, वॉशर बदला, असे सल्ले देणारे हितचिंतक प्रत्येक गल्लीत भेटतात. बंदूक ‘ट्यून’ करणे म्हणजे तिचा दणका वाढवणे, असा एक समज रूढ झाला आहे. हा समज शास्त्राच्या कसोटीवर खोटा आहे, कायद्याच्या दृष्टीने घातक आहे आणि संस्काराच्या दृष्टीने लाजिरवाणा आहे.

आधी शास्त्र पाहू. स्प्रिंगच्या बंदुकीत नळी मोडली की स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या मागे अडकतो. चाप ओढताच दट्ट्या वेगाने पुढे झेपावतो, त्याच्यापुढची हवा दाबली जाते आणि त्या दाबाने छर्रा बाहेर पडतो. हे सारे साधारणपणे सेकंदाच्या शंभराव्या भागात घडते. परंतु तेवढ्यात बंदूक दोनदा हलते. दट्ट्या पुढे जाताना ती मागे सरकते आणि दट्ट्या दाबलेल्या हवेच्या उशीवर आदळला की पुढे उसळते. छर्रा नळीतून पूर्ण बाहेर पडण्याआधीच हा खेळ सुरू झालेला असतो. स्प्रिंग जितकी ताठर, तितका हा हिसका मोठा आणि नेम तितका बेभरवशाचा. म्हणजे जोर वाढवणारा आपल्याच हाताने अचूकता गमावतो. भरीस वॉशर लवकर फाटतो, दस्त्याचे स्क्रू ढिले होतात आणि चापाची पकड झिजते.

दहा मीटरच्या सरावाला मुळात जोर लागतोच किती? 0.53 ग्रॅमचा छर्रा सेकंदाला 175 मीटर वेगाने निघाला, तर त्याची ऊर्जा सुमारे 8 ज्यूल होते. स्पर्धेच्या रायफलीही याच्याच आसपास असतात. जर्मनीत विनापरवाना मर्यादा 7.5 ज्यूल आहे, ब्रिटनमध्ये रायफलीसाठी 12 फूट-पौंड, म्हणजे सुमारे 16 ज्यूल. आपली 20 ज्यूलची मर्यादा त्याहून उदार आहे. तीही ओलांडण्याची हौस ज्याला आहे, त्याला नेमबाजी करायची नसून दुसरेच काही करायचे आहे, असे समजण्यास हरकत नाही.

निगा हीच खरी जुळणी

मग घरच्या घरी करण्याजोगे काय आहे? पुष्कळ आहे. पनवेलच्या पावसाळ्यात लोखंडी पेटीसुद्धा गंजते, तेथे बंदुकीच्या नळीची काय कथा! सरावानंतर नळीत स्वच्छ सुती फडक्याची पट्टी फिरवावी आणि बाहेरच्या लोखंडावर तेलाचा पुसट हात द्यावा. दस्त्याचे स्क्रू दर सरावाआधी तपासावेत. नेम चुकण्याचे सर्वांत सामान्य आणि सर्वांत दुर्लक्षित कारण हेच असते. नळी जेथे मोडते, त्या सांध्यातील वॉशरमधून हवा निसटते का, हे पाहण्यासाठी तेथे टिश्यू कागदाचा कपटा ठेवून समोर सुरक्षित आडोसा असताना एक छर्रा सोडावा. कपटा उडाला, तर वॉशर बदलायचा.

दट्ट्यापुढच्या पोकळीत साधे तेल सोडण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. हवा एकाएकी दाबली गेली की ती तापते आणि तेल पेट घेते. धूर निघतो, आवाज मोठा होतो आणि अडाण्याला वाटते, बंदूक सुधारली. प्रत्यक्षात प्रत्येक छर्ऱ्याचा वेग वेगळा होतो आणि वॉशर जळतो. छर्रा न घालता चाप ओढणेही तितकेच वाईट, कारण दट्ट्याला अडवणारी हवेची उशीच नाहीशी होते आणि धातूवर धातू आदळतो. तासन्‌तास भरून ठेवलेली बंदूक स्प्रिंगला थकवते आणि घरातल्यांना धोक्यात घालते. स्प्रिंग काढण्याचे काम योग्य साधनाशिवाय कुणीही करू नये. ती आत दाबून बसवलेली असते आणि निसटली तर तोंडावर येते. चाप हलका करण्यासाठी आतली पकड घासण्याचा उद्योग तर निखालस आत्मघातकी आहे.

चाचणी : मोबाईल, कागद आणि सबुरी

आपली बंदूक कायद्याच्या मर्यादेत आहे की नाही, हे जाणण्याची जबाबदारी बाळगणाऱ्याची आहे. वेगमापक यंत्र नसले तरी आठवी-नववीच्या भौतिकशास्त्रावर हे काम भागते. आडोसा बरोबर दहा मीटरवर ठेवावा, मोबाईल नळीजवळ ठेवून आवाज मुद्रित करावा आणि सुटल्याचा व आदळल्याचा आवाज यांतील अंतर संगणकावर मोजावे. समजा, ते 86 सहस्रांश सेकंद भरले. आदळल्याचा आवाज परत यायला उन्हाळ्याच्या हवेत सुमारे 29 सहस्रांश लागतात. ते वजा करता 57 उरतात. दहा मीटरला 57 सहस्रांश, म्हणजे सेकंदाला सुमारे 175 मीटर. हा दहा मीटरमधील सरासरी वेग झाला, तोंडाशी तो किंचित अधिक असतो. छर्ऱ्याचे वजन डबीवर लिहिलेले असते. वजनाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणले की ऊर्जा मिळते. 0.53 ग्रॅमच्या छर्ऱ्याचा वेग सेकंदाला 275 मीटरच्या घरात गेला, तर 20 ज्यूलची रेषा आली असे समजावे.

एका छर्ऱ्यावरून निष्कर्ष काढू नये, दहांची नोंद ठेवावी. त्यांच्या वेगांत दहा मीटरहून अधिक तफावत दिसली, तर दोष वॉशरमध्ये, वंगणात किंवा छर्ऱ्यांत शोधावा. त्यानंतर कागद. बूड दाबलेले छर्रे वेगळे काढावेत, बंदूक तळहातावर सैल विसावू द्यावी, प्रत्येक वेळी त्याच जागी आणि तितक्याच दाबाने धरावी आणि पाच छर्रे एकाच बिंदूवर साधावेत. ते केंद्रापासून दूर, परंतु एकत्र पडले, तर बंदूक चांगली आहे, केवळ साईट सरकवायची आहे. विखुरले, तर साईटला हात लावू नये. आधी स्क्रू, मग छर्रे आणि शेवटी स्वतःचा श्वास तपासावा.

2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीआधीच्या सरावात अभिनव बिंद्राचा छर्रा लक्ष्यापासून फार दूर गेला होता. रायफलीची साईट हलली होती. त्याने न डगमगता ती पुन्हा जुळवली आणि भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. जुळणी आणि चाचणी यांचे मोल याहून निराळे सांगायला नको.

बंदूक कुणाकडे रोखली आहे?

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येऊ. पनवेलपासून दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळा अभयारण्य आहे. 1968 मध्ये ते पक्ष्यांसाठी राखले गेले. भृंगराज, स्वर्गीय नर्तक, शीळ घालणारा कस्तूर यांचे हे माहेर. अभयारण्याच्या सीमेवर पक्षी थांबत नाहीत. ते आपल्या आवारातल्या आंब्यावर आणि गच्चीवरच्या टाकीवरही येतात. आठ ज्यूलचा छर्रा कागदाला भोक पाडतो, पण मूठभर पाखराचा जीवही घेतो आणि माणसाचा डोळा कायमचा फोडतो. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा पक्ष्यांच्या शिकारीला गुन्हा मानतो. बंदुकीला परवाना लागत नाही, याचा अर्थ शिकारीला परवाना मिळाला असा होत नाही.

अरुणाचल प्रदेशात मार्च 2021 मध्ये हवाई बंदुका स्वेच्छेने सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली. त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत दीड हजारांहून अधिक बंदुका लोकांनी आपण होऊन आणून दिल्या. शिकारीची जुनी परंपरा असलेल्या समाजाने हे केले. ‘अहिंसा परमो धर्मः’ उठता-बसता उच्चारणाऱ्या आपण शहरवासीयांनी किमान चिमणीवर नेम धरणाऱ्या मुलाचा हात धरावा, एवढी अपेक्षा गैर आहे काय?

घरातील सरावाची जागाही तितक्याच काटेकोरपणे ठरवली पाहिजे. गॅलरी, गच्ची आणि सोसायटीचे आवार या जागा नव्हेत. ज्या बंद खोलीत किंवा कॉरिडॉरमध्ये मागून-पुढून कुणी येऊ शकत नाही, जेथे मागे कपड्यांच्या चिंध्यांनी ठासून भरलेली जाड पेटी आहे आणि डोळ्यांवर चष्मा आहे, तीच जागा योग्य. छर्रे शिशाचे असतात. सराव संपला की हात साबणाने धुवावेत आणि लहान मुलांना छर्ऱ्यांची डबी हाताळू देऊ नये. बंदूक कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात.

बंदी नको, रेंज हवी

यावर कुणी म्हणेल, एवढा धोका आहे तर सरसकट बंदी का नको? हा मार्ग सोपा, पण आंधळा आहे. 2004 मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत दहा मीटर एअर रायफलमध्ये 400 पैकी 400 गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी करणाऱ्या सुमा शिरूर पनवेलच्याच. त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी त्यांनी गाठली, 2006 मध्ये पनवेलमध्ये ‘लक्ष्य’ हा नेमबाजी क्लब सुरू केला आणि टोकियो व पॅरिस या दोन्ही पॅरालिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अवनी लेखरा यांना मार्गदर्शन केले. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. एअर रायफलच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्यावर साठ वेळा मन एकाग्र करणारा मुलगा रस्त्यावर दगड उचलणार नाही.

म्हणून मागणी बंदीची नव्हे, व्यवस्थेची असावी. 2016 मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेने आपल्या शाळांच्या सभागृहांत दहा मीटरच्या रेंज उभाराव्यात. जागा थोडी लागते, खर्चही क्रीडासंकुलाच्या मानाने किरकोळ आहे. विक्रेत्यांनी प्रत्येक बंदुकीसोबत मराठीतून नियमपत्रक द्यावे. पालकांनी मुलाला बंदूक देण्याआधी तिची निगा स्वतः शिकावी.

फडक्यांच्या तालुक्यातील तरुणाच्या हाती आज जे साधन आहे, ते परकीयांशी झुंजण्यासाठी नाही. ते स्वतःच्या अधीर मनाशी झुंजण्यासाठी आहे. परक्या सत्तेने नाकारलेला विश्वास स्वतंत्र राष्ट्राने आपल्यावर टाकला आहे. तो राखायचा तर स्प्रिंग नव्हे, संयम ताठ हवा.