बंदी आहे, कारण मात्र नाही

डेटिंग ॲप उघडावे, तर नियमभंगामुळे खाते कायमचे बंद केल्याचा दोन ओळींचा निरोप समोर यावा. कोणता नियम मोडला, तक्रार कशाबद्दल होती, याचा बहुधा उल्लेखच नसतो. खोटी ओळख, दुसऱ्याची छायाचित्रे, अठरा वर्षांखालील वय, जाहिरातबाजी, पैशांची मागणी, धमकीचे संदेश ही बंदीची उघड कारणे. त्यांबद्दल वाद नाही. वाद आहे तो निव्वळ इतरांच्या तक्रारींवरून होणाऱ्या कारवाईबाबत. नकार पचनी न पडलेला माणूसही ‘रिपोर्ट’चे बटण दाबू शकतो. ट्रान्सजेंडर व्यक्तींविरुद्ध तर केवळ त्यांच्या ओळखीवरून तक्रारी होत. अमेरिकेतील टिंडरने २०१६ मध्ये लिंगओळखीचे अधिक पर्याय दिले, तेव्हा अशा बंद खात्यांचा फेरविचार करण्याचे आश्वासनही तिला द्यावे लागले.

याचा अर्थ तक्रारींकडे काणाडोळा करावा, असा नव्हे. अमेरिकेतच, डेन्व्हर येथील एक हृदयरोगतज्ज्ञ तक्रारी होऊनही डेटिंग ॲपवर वावरत राहिला. महिलांना गुंगीचे औषध देऊन अत्याचार केल्याबद्दल २०२४ मध्ये त्याला किमान १५८ वर्षांची शिक्षा झाली. निरपराध बाहेर आणि गुन्हेगार आत, ही दोन्ही तक्रारीतील तथ्य तपासण्यात झालेल्या हयगयीचीच फळे होत.

युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यामुळे फेब्रुवारी २०२४ पासून तेथे खाते बंद करताना कारण सांगणे बंधनकारक झाले. आपल्याकडेही मार्ग आहे, पण तो फारसा कुणी चोखाळत नाही. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ अन्वये कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने २४ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते. त्याचा निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन दाद मागता येते. ही सोय २०२३ पासून उपलब्ध आहे.

तथापि, बंदी येताच दुसऱ्या क्रमांकावरून नवे खाते उघडण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. तो स्वतःच नियमभंग ठरतो आणि मूळ अपीलही कमकुवत होते. त्याऐवजी निरोपाचे व वर्गणीच्या पावतीचे स्क्रीनशॉट जपून ठेवावेत, ॲपमध्येच मोजक्या शब्दांत अपील करावे आणि मगच वरची पायरी चढावी. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. ॲपल वा गूगलमार्फत भरलेली वर्गणी खाते बंद झाले म्हणून आपोआप थांबेलच असे नाही. ती तेथे जाऊन रद्द करावी लागते. पैशांचा वाद उरलाच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.