सेल घेते, पण गाडी चालू होत नाही



एप्रिल-मे म्हणजे आपल्या रत्नागिरीकडे झोप नसलेले महिने. सकाळी उन्हे चढण्याआधी झेल्याने आंबा उतरवायचा, दुपारी निवडून पेट्या भरायच्या, संध्याकाळी पिकअपवर लादायच्या आणि रात्री हातखंब्याला महामार्ग धरायचा, की पहाटे माल वाशीच्या बाजारात. चौदा आणे तयार झालेला हापूस झाडावरून उतरला की त्याचे घड्याळ सुरू होते, ते कोणासाठी थांबत नाही. अशा वेळी अंगणात भरलेली गाडी किल्ली फिरवल्यावर नुसतीच सेल घेते, इंजिन फिरते, पण पेट घेत नाही. मग घरातला प्रत्येक पुरुष एकेकदा किल्ली फिरवून पाहतो. अर्ध्या तासात बॅटरी उतरते आणि मूळचा एक बिघाड होता तिथे दोन होतात.

फळबागेच्या सदरात गाडीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आज बागायतदाराच्या दारातली पिकअप ही कुदळ-कोयत्याइतकीच शेतीची वस्तू झाली आहे आणि ऐन हंगामात मेकॅनिक वेळेवर मिळेलच असे नाही.

प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी. सेल इंजिनाला जोरात फिरवत असेल तर बॅटरी, सेल आणि त्यांची जाड वायर यांनी आपले काम केले आहे. त्यांच्यामागे लागू नये. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी ठिणगी लागत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअराने १८९७ साली जे इंजिन यशस्वी करून दाखवले, त्याचे मर्म हेच. सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पट दाबली की ती चारशे-पाचशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. सायकलला हवा भरताना पंपाचे बूड गरम होते, तोच हा प्रकार. म्हणजे इंजिनाला हवे काय? पुरेशी हवा, ती दाबण्याइतका वेग व घट्टपणा, आणि वेळेवर डिझेल. ओढ्यावरच्या पंपाच्या इंजिनाला ज्यांनी हँडल मारले आहे त्यांना हे सांगायला नको. हँडल हळू फिरवताना नोझल 'कुर्र' वाजले की डिझेल पोचले, हे ते कानाने ओळखतात. पिकअपमध्येही तेच चालले आहे, फक्त पत्र्याखाली झाकलेले आहे.

आता दोन माणसे लागतील. एकाने किल्लीवर बसावे आणि दुसऱ्याने मागे सायलेन्सरपाशी, जरा बाजूला उभे राहावे. हे काम घरातली वहिनी किंवा शाळेत जाणारा मुलगाही करील. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकाला दगड लावलेला असावा. आपल्याकडे अंगणे सपाट कमी, उतरती जास्त, म्हणून दगड विसरू नये. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नये आणि दोन वेळांमध्ये निदान अर्धा मिनिट सोडावा, नाहीतर सेलची मोटर तापून जळते.

किल्लीवरच्या माणसाने कान द्यावा. इंजिन रडत, दमत फिरत असेल तर हवा तापण्याइतका वेग मिळत नाही. मग बॅटरीची टर्मिनल पाहावीत. खाऱ्या वाऱ्यामुळे किनाऱ्यालगतच्या गावांत त्यांवर हिरवट-पांढरा थर फार लवकर चढतो. तो गरम पाण्याने धुऊन, घासून, घट्ट आवळून पुन्हा पाहावे. याउलट, इंजिन नेहमीपेक्षा फार हलके, एकसुरी, भुर्रकन फिरत असेल आणि दाबाची ती धाप-धाप लय अजिबात ऐकू येत नसेल, तर तिथेच हात थांबवावा. टायमिंगचा पट्टा किंवा साखळी गेली असण्याचा संभव आहे आणि पुढचा प्रत्येक सेल आत व्हॉल्व्ह वाकवू शकतो. ते काम गॅरेजचेच.

लय नेहमीसारखी असेल तर मागे उभ्या असलेल्याला विचारावे: धूर काय म्हणतो? माझ्या मते या सगळ्या तपासणीत हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. धूर मुळीच नसेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा, येत असेल तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही. काळा धूर असेल तर हवा कमी पडते आहे.

बहुतेक वेळा धूर नसतोच. तेव्हा आधी टाकीत डिझेल आहे का, हे काठी घालून किंवा झाकण उघडून पाहावे. काट्यावर विसंबू नये. तरंगी अडकली की काटा खोटे बोलतो. शिवाय उतारावर तिरक्या उभ्या गाडीत चार-पाच लिटर डिझेल असूनही ते टाकीच्या एका कोपऱ्यात जाते आणि ओढणारी नळी उघडी पडून हवा खेचते. मग वरून डिझेल ओतले तरी गाडी लगेच चालू होत नाही, कारण लाइनने हवा धरलेली असते. ती काढावी लागते.

जुन्या पद्धतीच्या पंपाच्या गाडीत हे घरीच होते. फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढण्याचा स्क्रू दोन आटे सैल करून हातपंप दाबत राहावे. आधी फेस येईल, बुडबुडे येतील, मग अखंड धार लागेल. धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. काही केल्या फेस थांबला नाही तर टाकीपासून फिल्टरपर्यंतची रबरी नळी चाचपावी. क्लिपपाशी तडा गेलेला असतो. तिथून डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही, पण हवा आत जाते.

नव्या गाड्यांना मात्र हा उपाय जशाच्या तसा लावू नये. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बी.एस. ६ च्या जवळजवळ सर्व डिझेल गाड्या, आणि त्याआधीच्याही पुष्कळ, कॉमन रेल पद्धतीच्या आहेत. तुमच्या चाकात हवेचा दाब तीन-चार बार असतो. या गाड्यांच्या नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांत नुसत्या सेलवरही शेकडो बार आणि चालू इंजिनात हजाराच्या वर दाब असतो. नळीचा नट सैल केला तर केसाएवढी धार कातडी भेदून हाताच्या आत डिझेल घुसवते. वरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसते, आत हात सडायला लागतो. असे झाल्यास दुखत नसले तरी त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. या गाडीत फिल्टरवरचा हातपंप कडक होईपर्यंत दाबावा, तेवढेच आपले काम. टाकीत विजेचा पंप असेल तर किल्ली नुसती 'ऑन' करावी, काही सेकंद गुणगुण ऐकू येईल. बंद करून असे तीन-चार वेळा करावे आणि मगच सेल मारावा.

डिझेल आहे, हवाही काढली, तरी धूर नाही, अशा वेळी वीज पाहावी. जुन्या पंपावर डिझेल अडवणारा-सोडणारा एक सोलेनॉइड असतो. किल्ली ऑन केली की त्याने 'टक' असा आवाज द्यायला हवा. आवाज नाही तर त्याची वायर किंवा फ्यूज गेला. फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर नकाशा छापलेला असतो, त्यावरून इंजिनाचा व पंपाचा फ्यूज काढून उजेडात धरावा. आतली तार तुटलेली स्पष्ट दिसते. त्याच आकड्याचाच फ्यूज घालावा, तारेचा तुकडा गुंडाळू नये. आणि उंदीर! पेट्यांत घालायचा पेंढा ज्या खोपीत असतो त्याच खोपीत आपण गाडी उभी करतो. उंदराला बिछानाही मिळाला आणि कुरतडायला वायरही मिळाली. बॉनेट उघडून टॉर्च लावून वायरी पाहाव्यात. मीटरवर किल्लीचे किंवा कुलपाचे चित्र लुकलुकत असेल तर गाडीने किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून पाहावी.

पांढरा धूर असेल तर संशय पाण्याचा. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आंब्याचा हंगाम संपला की काही गाड्या जूनपासून दसऱ्यापर्यंत अर्ध्या टाकीवर उभ्या असतात. टाकीतल्या रिकाम्या जागेतली दमट हवा गार होऊन तिचे पाणी तळाशी साचते, त्यात शेवाळासारखा चिकट गाळ धरतो. दुसरे पाणी येते कॅनमधून. ज्या कॅनने काल फवारणीचे पाणी नेले, त्यानेच आज डिझेल आणायचे, ही सवय मी गावोगाव पाहतो. डिझेलचा कॅन वेगळा, रंग मारलेला असावा. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढण्याचा स्क्रू असेल तो सैल करून पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि पाच मिनिटे ठेवावे. पाणी खाली, डिझेल वर, मध्ये रेघ दिसेल. रेघ दिसेनाशी होईपर्यंत काढत राहावे व मग हातपंप मारावा. हीटर प्लगला मात्र एप्रिलच्या उकाड्यात उगाच दोष देऊ नये. त्याची गरज डिसेंबरच्या पहाटे.

काळ्या धुराला एअर फिल्टर उघडावा. जांभ्याची तांबडी धूळ बसलेली असतेच, कधी उंदराचे घरटेही निघते. फिल्टर गच्च भरला असेल तर बदलावा. हवा शोषून घेणाऱ्या नळीत पेट्रोल शिंपडून किंवा चिंधी पेटवून गाडी चालू करणारे 'अनुभवी' लोक प्रत्येक नाक्यावर भेटतात. त्यांना नमस्कार करून दूर ठेवावे. स्फोट होतो, पिस्टन फुटतो. गाडी ढकलण्यातही अर्थ नाही. सेल फिरवतो आहे तेच ढकलून फिरणार, आणि भरलेली गाडी उतारावर हातातून सुटली तर माणूस जाईल.

जाता जाता युरियाबद्दल. काही नव्या गाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची आणखी एक टाकी असते. तीत डीईएफ नावाचे द्रावण घालतात. ती अगदी रिकामी झाली तर यांतल्या काही गाड्या एकदा बंद केल्यावर पुन्हा चालू होत नाहीत. हे साडेबत्तीस टक्के युरियाचे द्रावण आहे हे ऐकून एका बागायतदार भाऊंनी मला विचारले, "साहेब, मग खताच्या गोणीतला विरघळवून घातला तर?" मुळीच घालू नये. ते द्रावण अतिशय शुद्ध युरिया आणि क्षार काढलेल्या पाण्याचे असते. आपला खताचा युरिया तर २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला. तो भातखाचरात सावकाश विरघळून फायदा देतो, पण गाडीच्या नळ्या आणि धूर शुद्ध करणारा महागडा भाग मात्र कायमचा बंद करतो.

या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून पेट्या लादण्यापूर्वीच, दुपारी तीन-चारच्या सुमारास, गाडी एकदा चालू करून पाहावी. तासाभरात दोष सापडला नाही तर पेट्या उतरवून सावलीत, हवेशीर, एकमेकींत फट ठेवून रचाव्यात. ताडपत्रीखाली गाडीत कोंडून ठेवू नयेत. शेजाऱ्याच्या गाडीत जागा आहे का हे त्याच वेळी विचारावे, रात्री दहाला नव्हे. आणि मेकॅनिकला फोन करताना "गाडी बंद पडली" एवढेच सांगू नये. सेल जोरात घेते की रडत, धूर आहे की नाही आणि कोणत्या रंगाचा, मीटरवर कोणता दिवा राहतो, शेवटचे डिझेल केव्हा व कशातून भरले, गाडी कोणत्या सालची, एवढे सांगितले तर तो लागणारा फिल्टर किंवा फ्यूज घेऊनच निघेल.