घरी चालणारा प्रोग्रॅम सिम्युलेटरमध्ये का अडतो? लायब्ररीच्या व्हर्जनचा घोळ, सोप्या भाषेत

प्रोग्रॅम घरच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालतो. तोच कॉलेजच्या लॅबमध्ये सिम्युलेटरवर टाकला की स्क्रीनवर एकच ओळ येते: 'व्हर्जन जीलिबसी २.३४ नॉट फाउंड'. कोड तोच, विद्यार्थी तोच. मग बिघडलं काय?

बहुतेक वेळा कोडमध्ये काहीच चूक नसते. पण हे सांगणारं जवळ कुणी नसेल तर विद्यार्थी तोच कोड पुन्हा पुन्हा तपासत बसतो आणि प्रोजेक्टचे दिवस निघून जातात. देशात चिप डिझाइनची चर्चा जोरात असताना ही एक ओळ समजून घेणं गरजेचं आहे.

सिम्युलेटर म्हणजे काय आणि यवतमाळला त्याचं काय?

सिम्युलेटर म्हणजे कम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा, नकली कम्प्युटर. क्यूईएमयू आणि जेम-फाइव्ह ही त्यातली दोन मोठी नावं. दोन्ही मोफत आहेत. इंटेलच्या साध्या पीसीवर ती एआरएम किंवा रिस्क-फाइव्ह प्रकारच्या चिपची नक्कल करतात.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटी रुपयांच्या सेमीकंडक्टर योजनेला मंजुरी दिली. एप्रिल २०२२ मध्ये रिस्क-फाइव्हवर आधारित देशी प्रोसेसरसाठी डीआयआर-व्ही कार्यक्रम जाहीर झाला. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे प्रोसेसर याच रिस्क-फाइव्ह प्रकारातले.

यवतमाळची जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था असो की पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय, चिपवर काम शिकायचं तर प्रत्येकाच्या हातात खरा बोर्ड देणं कुठल्याही कॉलेजला महागात पडतं. सिम्युलेटरला पैसे लागत नाहीत. म्हणजे पुण्या-बेंगळुरूच्या विद्यार्थ्याकडे जे साधन आहे, तेच यवतमाळच्या विद्यार्थ्याकडेही असू शकतं. अडतं ते वर सांगितलेल्या ओळीपाशी.

लायब्ररी म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक प्रोग्रॅमला फाइल उघडणं, स्क्रीनवर लिहिणं, मेमरी मागणं अशी कामं करावी लागतात. ती सगळी प्रत्येकाने नव्याने लिहायची गरज नसते. ती तयार कामं एका सामायिक फाइलमध्ये असतात, तिला लायब्ररी म्हणतात. उबंटूसारख्या बहुतेक लिनक्समध्ये सर्वात मूलभूत लायब्ररी म्हणजे जीलिबसी. विंडोजवर 'डीएलएल मिसिंग' असा मेसेज तुम्ही पाहिला असेल, तर ही त्याचीच भावंडं समजा.

प्रोग्रॅम तयार होताना 'मला या लायब्ररीचं किमान हे व्हर्जन लागेल' अशी नोंद त्यात होते. उबंटू २०.०४ मध्ये जीलिबसी २.३१ आहे, २२.०४ मध्ये २.३५ आणि २४.०४ मध्ये २.३९. घरी उबंटू २२.०४ असेल आणि सिम्युलेटरच्या आतली सिस्टीम २०.०४ असेल, तर प्रोग्रॅम जे मागतो ते तिथे नसतंच.

नियम एका ओळीचा आहे: जुन्यावर बनवलेलं सहसा नव्यावर चालतं, नव्यावर बनवलेलं जुन्यावर चालेलच असं नाही.

मग एररमध्ये २.३५ ऐवजी २.३४ का दिसतं? ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या २.३४ मध्ये मोठी फेरमांडणी झाली. थ्रेडसाठीची वेगळी लायब्ररी मुख्य लायब्ररीत आणली गेली आणि प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनलाच नवा व्हर्जन शिक्का बसला. त्यामुळे त्यानंतरच्या सिस्टीमवर बनवलेला अगदी पाच ओळींचा प्रोग्रॅमही २.३४ मागतो.

हा घोळ फक्त विद्यार्थ्यांचा नाही

२०२४ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोडचं १.८६ व्हर्जन आलं. दूरच्या सर्व्हरला जोडून काम करायचं तर त्या सर्व्हरवर जीलिबसी २.२८ किंवा त्यापुढचं हवं, अशी त्याची अट होती. उबंटू १८.०४ मध्ये २.२७ आणि सेंटओएस ७ मध्ये २.१७. परिणामी जगभरातल्या अनेकांचं सर्व्हरवरचं काम एका अपडेटने थांबलं. तक्रारींचा पाऊस पडल्यावर कंपनीला जुन्या सिस्टीमसाठी तात्पुरती मुदत द्यावी लागली.

आधी एरर ओळखा, मग उपाय करा

*१. 'व्हर्जन नॉट फाउंड'*: लायब्ररी आहे, पण जुनी आहे. सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे सिम्युलेटरच्या आत जे व्हर्जन आहे, त्याच व्हर्जनवर प्रोग्रॅम पुन्हा बनवणं. त्यासाठी लॅपटॉप फॉरमॅट करायची गरज नाही. डॉकरमध्ये उबंटू २०.०४ चा कंटेनर उघडा, त्यात कंपाइल करा, तयार फाइल बाहेर काढा.

*२. लोडरची फाइल सापडत नाही*: प्रोग्रॅम एआरएम किंवा रिस्क-फाइव्हचा आहे, पण त्या चिपच्या लायब्ररी तुमच्या इंटेल पीसीवर नाहीत. त्या चिपसाठीच्या लायब्ररींचा पूर्ण फोल्डर घ्या आणि सिम्युलेटरला त्याचा पत्ता द्या. क्यूईएमयूमध्ये त्यासाठी 'एल' हा पर्याय आहे, जेम-फाइव्हमध्येही लायब्ररीचा मार्ग वळवण्याची सोय आहे. लोडर आणि लायब्ररी एकाच संचातल्या हव्यात. एक इथून, एक तिथून घेतली की नवा घोळ सुरू होतो.

*३. 'कर्नल टू ओल्ड'*: हा वेगळाच प्रकार आहे. जेम-फाइव्हच्या एका मोडमध्ये खरा लिनक्स नसतोच, सिम्युलेटर स्वतःच 'मी अमुक नंबरचा कर्नल आहे' असं सांगतो. जुन्या जेम-फाइव्हने सांगितलेला नंबर नव्या जीलिबसीला चालत नाही. इथे उपाय म्हणजे सिम्युलेटरच अपडेट करणं.

यातल्या पहिल्या दोन अडचणींवर एक सोपा मार्गही आहे: स्टॅटिक लिंकिंग. म्हणजे लागणारी लायब्ररी प्रोग्रॅमच्या पोटातच घालायची. प्रवासाला निघताना डबा सोबत घ्यावा, तसं. फाइल मोठी होते, पण बाहेर काही शोधावं लागत नाही. छोट्या प्रयोगांसाठी हे पुरेसं आहे. मात्र चालू असताना प्लगइन जोडणाऱ्या किंवा नेटवर्कवर नावं शोधणाऱ्या प्रोग्रॅमना हा उपाय पुरत नाही. तिसऱ्या अडचणीवर तर तो चालतच नाही.

हे मात्र करू नका

नवी जीलिबसी इंटरनेटवरून उतरवून जुनीच्या जागी कॉपी करू नका. लिनक्समधल्या जवळपास सगळ्या कमांड तिच्यावरच उभ्या असतात. ती बिघडली तर फाइल परत जागेवर ठेवायची कमांडसुद्धा चालत नाही. अनोळखी साइटवरून सुटी लायब्ररी घेणं तर आणखी धोक्याचं आहे. त्यात काय भरलंय, हे तुम्हाला कळणार नाही.

चाललं, पण आकडे खरे आहेत का?

एरर गेली म्हणजे सगळं संपलं असं नाही. सिम्युलेटर बऱ्याचदा 'ही चिप किती वेगवान आहे' हे मोजायला वापरतात. मेमरी कॉपी करण्यासारखं साधं कामही जीलिबसी चिप पाहून वेगवेगळ्या पद्धतीने करते, आणि व्हर्जननुसार ती पद्धत बदलू शकते. एका विद्यार्थ्याने २.३१ वर मोजलं आणि दुसऱ्याने २.३९ वर, तर फरक चिपचा की लायब्ररीचा, हे सांगता येणार नाही. म्हणून प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सिम्युलेटर, कंपायलर आणि जीलिबसी या तिन्हींची व्हर्जन लिहायलाच हवीत.

कॉलेज काय करू शकतं?

उपाय खर्चिक नाहीत. सेमिस्टरच्या सुरुवातीला एक कंटेनर ठरवायचा, त्याची फाइल बनवून पेन ड्राइव्हवर ठेवायची आणि लॅबमधल्या प्रत्येक पीसीवर तीच टाकायची. मग इंटरनेट गेलं तरी काम अडत नाही. घरच्या लॅपटॉपवरही तीच फाइल वापरली, तर घर आणि लॅब यांत फरकच उरत नाही. व्हर्जनची यादी एका कागदावर लिहून लॅबच्या भिंतीवर लावली, तरी निम्मे प्रश्न तिथेच सुटतील.

देशी चिप बनवण्यासाठी कोट्यवधींचे कारखाने लागतील. पण त्या चिपवर प्रोग्रॅम चालवू शकणारे हात यवतमाळ, पुसद, वणीतही तयार होऊ शकतात. 'नॉट फाउंड' म्हणजे 'तुला जमत नाही' असं नव्हे, एवढं त्यांना वेळेवर कळायला हवं.