थार रॉक्सचा टप निघत का नाही? उत्तर एअरबॅगपाशी आहे

ऑगस्ट २०२४ मध्ये महिंद्राची पाच दरवाजांची थार रॉक्स आली, तेव्हा लांबी, सीट्स, स्क्रीन या सगळ्यांवर भरपूर चर्चा झाली. पण जुन्या थारप्रेमींचा प्रश्न वेगळाच होता: सॉफ्ट टॉप कुठे गेला? २०२० ची तीन दरवाजांची थार कापडी टपासह मिळत होती. त्यातल्या कन्व्हर्टिबल प्रकाराचा टप मागे दुमडून ठेवता यायचा. रॉक्सला मात्र पत्र्याचा कायमचा टप आहे आणि वरच्या व्हेरिएंट्सना पॅनोरामिक सनरूफ.

हे फक्त थारचं नाही. मारुतीची जिप्सी सॉफ्ट टॉपमध्ये मिळायची, तिची वारसदार म्हणून २०२३ मध्ये आलेली जिमनी फक्त बंद टपाची आहे. लँड रोव्हरच्या जुन्या डिफेंडरचा टप बोल्ट सोडून काढता यायचा, २०२० च्या नव्या डिफेंडरमध्ये ती सोय राहिली नाही. दुसरीकडे जीप रँग्लर आणि फोर्ड ब्रॉन्को अजूनही टप काढून देतात. म्हणजे हे अशक्य नाही. मग बाकीचे का सोडून देतायत?

फोनच्या बॅटरीचं आठवा. पूर्वी मागचं झाकण नखाने उघडून बॅटरी बदलता यायची. मग फोन पातळ झाले, पाण्यापासून सुरक्षित झाले आणि झाकण कायमचं चिकटलं. गाडीच्या टपाचंही साधारण तसंच झालंय. फरक इतकाच की इथे पणाला लागलेली गोष्ट म्हणजे तुमचं डोकं.

मुळात टप निघायचा का?

१९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी बनलेली विलीज जीप हलकी आणि बुटकी हवी होती. म्हणून वर कापड, पुढे दुमडणारी काच. १९४७ पासून महिंद्राने भारतात हीच जीप जुळवायला घेतली आणि कापडी हूडची जीप आपल्याकडे गावोगावी दिसू लागली.

हे जमायचं कारण लॅडर फ्रेम. खाली शिडीसारखी जाड लोखंडी चासी, तिच्यावर इंजिन, सस्पेन्शन आणि बॉडी. रस्त्याचे बहुतेक दणके ही शिडीच सोसते, त्यामुळे टप असो वा नसो, गाडी उभी राहते.

आजच्या बहुतेक कार आणि एसयूव्ही मोनोकॉक असतात, म्हणजे वेगळी चासी नाही, पूर्ण बॉडीच एक पेटी. घरी बुटांचा खोका असेल तर करून बघा. झाकण नसताना खोका दोन हातांनी पिळा, लगेच वाकडा होतो. झाकण चारही बाजूंनी चिकटवून पिळा, तोच खोका ताठ राहतो. मोनोकॉक गाडीत टप हे ते चिकटवलेलं झाकण आहे. नवी डिफेंडर ॲल्युमिनियमची मोनोकॉक झाली, तिथेच टप काढायचा विषय बराचसा संपला.

पण थार रॉक्स तर अजूनही लॅडर फ्रेमवरच आहे. जिमनीसुद्धा. म्हणजे खोक्याचं उत्तर इथे पुरेसं नाही.

एअरबॅग ठेवायची कुठे?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादा जुना भाग काढायला गेलं की कळतं, त्याच्यावर आणखी दहा गोष्टी अवलंबून आहेत. टपाचं तसंच आहे. आपल्याला वाटतं, तो ऊन-पावसासाठी. प्रत्यक्षात दारांच्या वर, टपाच्या कडेने जी आडवी पट्टी जाते, तिच्यात कर्टन एअरबॅग घडी करून बसवलेली असते. बाजूने धडक बसली की ती पडद्यासारखी खाली उघडते आणि डोकं काचेवर, खांबावर आपटू देत नाही. गाडी उलटली, तर माणसाला खिडकीतून बाहेर फेकलं जाण्यापासून अडवते.

आता टप कापडी केला, तर हा पडदा लटकवायचा कशाला? २०२० ची तीन दरवाजांची थार दोन एअरबॅग घेऊन आली होती. रॉक्समध्ये सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंट्सना आहेत. जिमनीतही सहा. टप बंद होणं आणि एअरबॅग वाढणं हा योगायोग नाही असं मला वाटतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण रँग्लरचं. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०२० मध्ये चार दरवाजांच्या रँग्लरच्या चाचणीचा निकाल दिला. ताशी ६४ किलोमीटरने गाडीचा ड्रायव्हरकडचा कोपरा अडथळ्यावर आदळवला. ड्रायव्हरच्या डमीला फारसं काही झालं नाही, पण धडकेनंतर गाडी कुशीवर आडवी झाली. टप आणि दारं काढून चालवता येणाऱ्या, कर्टन एअरबॅग नसलेल्या गाडीत हे जास्त काळजीचं आहे, कारण माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो, असं संस्थेने स्पष्ट म्हटलं.

पुढे जीपने काय केलं? टप निघणं बंद नाही केलं. २०२४ च्या मॉडेलपासून पुढच्या आणि मागच्या रांगेला कर्टन एअरबॅग दिल्या. टप काढला तरी रँग्लरच्या आतला पोलादी सांगाडा तसाच राहतो, म्हणून हे शक्य झालं. थोडक्यात, निघणारा टप आणि सहा एअरबॅग एकत्र नांदू शकतात. फक्त त्याला वेळ आणि पैसा लागतो. पुण्याजवळ रांजणगावात जुळवली जाणारी रँग्लर थारच्या कितीतरी पट किमतीला का विकली जाते, त्याचा एक छोटा भाग इथेही आहे.

स्टार बघताना परीक्षा कोणती ते बघा

२०२० मध्ये थारला ग्लोबल एनकॅपचे ४ स्टार मिळाले. २०२४ मध्ये रॉक्सला भारत एनकॅपचे ५ स्टार. वाचणाऱ्याला वाटतं, एका स्टारचा फरक. पण या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. ग्लोबल एनकॅपच्या त्यावेळच्या पद्धतीत मोठ्यांच्या सुरक्षेचे ४ स्टारपर्यंतचे गुण समोरच्या धडकेवर ठरत. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅपमध्ये समोरून ताशी ६४ किलोमीटरची धडक, बाजूने ५० ची धडक आणि चांगले स्टार हवे असतील तर २९ च्या वेगाने खांबावर आडवी धडक, हे सगळं येतं. खांबाच्या चाचणीत डोकं वाचवायचं तर कर्टन एअरबॅग जवळजवळ लागतेच. आणि कर्टन एअरबॅग सोप्यात सोपी बसते ती कायमच्या टपात. टप बंद का झाला, त्याचं अर्धं उत्तर या नियमांतच आहे.

पण यातच एक मोठी गळती आहे. टप किती मजबूत आहे, हे यातली कुठलीच चाचणी बघत नाही. गाडी उलटवून किंवा टपावर भार देऊन भारत एनकॅप गुण देत नाही. अमेरिकेत यासाठी वेगळा नियम आहे: साधारण २.७ टनांपर्यंतच्या गाडीच्या टपाने गाडीच्या रिकाम्या वजनाच्या तिप्पट भार सोसायला हवा. गंमत म्हणजे तिथेही कन्व्हर्टिबलना या नियमातून सूट आहे.

म्हणजे उंच, चिखलात-डोंगरात तिरकी होणारी, उलटायची शक्यता साध्या कारपेक्षा जास्त असलेली गाडी आपण घेतो, आणि नेमका तोच प्रसंग रेटिंगमध्ये नाही. ५ स्टार बघून “उलटली तरी काही होत नाही” असं कुणी सांगत असेल तर ते रेटिंगच्या बाहेरचं बोलतोय.

हार्ड टॉप म्हणजे मजबूत, असं नाही

हा समज सगळीकडे दिसतो. रँग्लरचा हार्ड टॉप बघायला कडक असतो, पण तो फायबरसारख्या कॉम्पोझिटचा आहे. गाडी उलटली तर वजन पेलणार तो आतला पोलादी सांगाडा. तीन दरवाजांच्या थारमध्येही हेच काम रोल केज करतो, वर कापड असो की कडक टप. कडक टपाने मिळते ती शांतता, एसीचा गारवा, कोसळत्या पावसात कोरडी सीट आणि ब्लेडने फाडून कुणी बॅग नेणार नाही याची खात्री. रोज ऑफिसला नेणाऱ्याला हे मोठंच आहे. घरात एकच गाडी असेल तर आई-बाबाही त्यातच बसणार, आणि अशांसाठीच रॉक्स बनली आहे.

टप काढता येण्याची आणखी एक किंमत म्हणजे जोड. काढता येणारा प्रत्येक भाग म्हणजे एक जोड, आणि प्रत्येक जोड म्हणजे रबर, खिट्टी, फट. पाणी तिथूनच येतं, आवाजही तिथूनच. २०२१ मध्ये फोर्डने ब्रॉन्कोचे आधी विकलेले हार्ड टॉप बदलून द्यायचं जाहीर केलं, कारण जास्त पाणी आणि दमट हवेत ते खराब दिसायला लागले होते. इतकी मोठी कंपनी यात अडकू शकते, तर कोकणच्या जुलैमध्ये काय होईल याचा अंदाज करा.

मग सनरूफ आहेच की!

कंपन्यांनी शोधलेला मधला मार्ग तो. टपाचा सांगाडा कायम, एअरबॅग जागेवर, आणि बटण दाबलं की आकाश. पण आपल्याकडे सनरूफ म्हणजे उभं राहायची जागा झालीय. टप बंद करून कंपनीने जी सुरक्षा दिली, ती त्यातून बाहेर निघालेल्या माणसाला शून्य मिळते. बेल्ट नाही, एअरबॅग नाही, आणि करकचून ब्रेक लागला तर छाती थेट कडेवर. ताडोबातल्या उघड्या जिप्सीत उभं राहून फोटो काढतातच की, असं म्हणाल तर तिथे गाडी रखडत चालते. समृद्धी महामार्गावर नाही.

जुनी थार घेताय किंवा टप बदलताय?

सेकंडहँड सॉफ्ट टॉप घेऊन बाहेरून हार्ड टॉप बसवायचा बेत असेल तर आधी आरसी बघा. त्यावर बॉडीचा प्रकार लिहिलेला असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ परवानगीशिवाय असे बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे वाचलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर इन्शुरन्सवाल्यांनी हाच मुद्दा काढला तर भांडण वेगळंच. उलट काम, म्हणजे बंद टप कापून उघडा करणं, तर नकोच. तिथे तुम्ही फक्त पत्रा कापत नाही, गाडीचा हिशोबच बदलता. आतून नुसते पाइप लावून घेतलेला रोल केज पण धोक्याचा: हेल्मेट नसताना डोकं त्याच पाइपवर आपटतं.

गाडी बघायला जाल तेव्हा शोरूममध्ये चार प्रश्न विचारा. एअरबॅग किती, आणि त्यात कर्टन आहेत का? मागच्या सगळ्या सीट पुढे तोंड करून आहेत का, आणि प्रत्येकीला तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट आहे का? ईएसपी या व्हेरिएंटला आहे का? टप काढल्यावर डोक्यावर पोलादाचं नेमकं काय उरतं? शेवटच्या प्रश्नाला सेल्समन अडखळला तर गाडीत डोकावून स्वतः बघा, ते दिसतं.

माझं मत विचाराल तर एकच गाडी असणाऱ्याने बंद टप घ्यावा. कारण कडक पत्रा नाही, त्याच्या कडेला घडी करून ठेवलेला तो पडदा आहे. दुसरी गाडी म्हणून, रविवारी सावकाश फिरायला थार हवी असेल तर उघडा टप जरूर घ्या, त्याची मजा खरी आहे. फक्त टप खाली गेला की बेल्ट हा एकटाच तुम्हाला गाडीत धरून ठेवणारा असतो. मागच्या सीटवरच्या मित्रालाही तो लावायला लावा, मगच गाडी हलवा.