कात्रीच्या धारेचा खर्च कुणी करायचा?

अंधेरीत लोखंडवालापासून मरोळपर्यंत सलूनची काही कमी नाही. नवं सलून निघालं की मालक खुर्च्या, आरसे, दिवे, एसी यांवर सढळ हाताने खर्च करतो. प्रत्यक्ष केस कापणारी कात्री मात्र अनेक ठिकाणी कारागिराची स्वतःची असते आणि तिला धार लावण्याचे पैसेही त्याच्याच खिशातून जातात. पगार तुटपुंजा असला की धार पुढच्या महिन्यावर ढकलली जाते. ही रीत चुकीची आहे.

केस कापायची कात्री हे नाजूक यंत्र आहे. तिची पाती आतून किंचित खोलगट घासलेली असतात. त्यामुळे मिटताना ती पूर्ण लांबीवर एकमेकांना घासत नाहीत. एकाच बिंदूवर टेकतात आणि तो बिंदू टोकाकडे सरकत जातो. स्क्रू सैल झाला की केस कापला न जाता पात्यांमध्ये दुमडतो. मग कारागीर अंगठ्याने जोर लावतो. दिवसभर असा जोर लावून मनगट आणि अंगठा दुखणारच. स्क्रू फार आवळला तर धार लवकर झिजते. तपासायला अर्धं मिनिट पुरतं: एक मूठ धरून दुसरं पातं काटकोनात उघडायचं आणि सोडून द्यायचं. ते थोडं खाली येऊन, पूर्ण न मिटता थांबलं तर ताण ठीक. धाडकन मिटलं तर सैल, जागचं हललंच नाही तर घट्ट.

वर्सोव्याची खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांत ‘स्टेनलेस’ म्हणवणारं पोलादही सुरक्षित नसतं. चांगल्या कात्रीच्या ४४०सी पोलादात १६ ते १८ टक्के क्रोमियम असतं. त्याचा अदृश्य थर गंज रोखतो. पण क्लोरीनयुक्त द्रावण हा थर फोडून पात्यावर बारीक खड्डे पाडतं. जून २०२० मध्ये राज्यात सलून पुन्हा उघडली, तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकानंतर हत्यारं निर्जंतुक करण्याची सक्ती होती. ती सवय टिकायलाच हवी. फक्त ब्लीचऐवजी ७० टक्के अल्कोहोल वापरावं आणि कात्री लगेच कोरडी पुसावी. रात्री स्क्रूपाशी अडकलेले केस काढून तेलाचा एक थेंब सोडला, पाती दोन-चारदा चालवून पुसली आणि कात्री मिटून ठेवली की झालं. त्याच कात्रीने रंगाची पाकिटं फोडणं मात्र कायमचं बंद व्हावं.

खरी अडचण धारेची आहे. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या किंवा जपानमधल्या सेकीच्या कात्र्या महाग पडतात आणि त्यांतल्या बहिर्गोल धारेच्या कात्रीला वेगळा हात लागतो. सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला सुऱ्या उत्तम करून देतो, पण कोरड्या चाकावर ही धार चपटी होते. पातं तापून निळसर पडलं तर त्या जागचं पोलाद मऊ होतं आणि पुढे तिथे धार टिकत नाही. तिला बारीक पाणदगडावर, सावकाश, मूळचा गोलवा सांभाळतच घासावं लागतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत न्हावीकामही आहे. तिच्यात हत्यारांसाठी १५ हजार रुपयांची मदत आणि प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये मिळतात. हे चांगलंच आहे. पण नवी कात्री हातात देऊन काम संपत नाही. हत्यार राखणं हा प्रशिक्षणात परीक्षेचा विषय असावा. महाराष्ट्रात शिकलगारांनी पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रांना धार लावली. त्यांच्या मुलांना आणि आजच्या फिरत्या धारवाल्यांना पाणदगडावरचं हे काम शिकवलं, तर उपनगरातल्या सलूनना घराजवळ माणूस मिळेल आणि त्यांना बरा रोजगार.

तोवर सलूनमालकांनी एवढं करावं: वीजबिलासारखा धारेचाही खर्च दुकानाच्या वहीत मांडावा आणि कारागिराकडे एक जादा कात्री द्यावी, म्हणजे पहिली धारेला गेली तरी त्याचं काम अडणार नाही. आणि गिऱ्हाइकांनो, कापताना केस ओढले गेले तर खुर्चीमागच्या मुलावर चिडू नका. कात्रीला धार शेवटची कधी लावली, हे गल्ल्यावर बसलेल्या मालकाला विचारा.