अभिमान कुणाचा धरायचा?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर दर दोन-तीन महिन्यांनी एक निरोप न चुकता फिरतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, आणि इंग्रजांनी ते दडपलं. खाली हात जोडल्याची दहा-बारा चित्रं. नातवंडंही तेच वाचतात, म्हणून आज थोडं स्पष्ट लिहितो.

तळपदे खरे होते, अभ्यासू होते, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या उड्डाणाचा भरवसा ठेवावा असा पुरावा नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा हवाला देतात, ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली तपासलं. ग्रंथ विसाव्या शतकातला आहे आणि त्यातली विमानं उडणं शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरीही २०१५ साली मुंबईच्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. असो.

मला वाईट वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्याच मुंबईत, त्याच काळात, एक खराखुरा संशोधक होऊन गेला आणि त्याच्या नावाचा निरोप कधीच येत नाही. शंकर आबाजी भिसे. जन्म मुंबईत, २९ एप्रिल १८६७.

लंडनच्या एका नियतकालिकानं स्पर्धा लावली होती : किराणा माल आपोआप तोलून देणारं यंत्र सुचवा. भिश्यांनी इथून आराखडा पाठवला आणि बक्षीस मिळवलं. मग ते विलायतेला गेले. दिनशा वाच्छांची चिठ्ठी घेऊन दादाभाई नौरोजींना भेटले. दादाभाईंनी नुसती पाठ थोपटली नाही, पैशाची बाजूही सांभाळली.

त्यांचं सर्वांत मोठं काम म्हणजे छापखान्याचे खिळे ओतणारं यंत्र, ‘भिसोटाइप’. ज्यांनी संगणकाच्या आधीचा छापखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिसं, अँटिमनी आणि कथील यांचा वितळलेला रस साच्यात ओतून एकेक अक्षराचा खिळा तयार होई. आमच्या शाळेच्या वार्षिक अंकाची प्रुफं तपासायला मी छापखान्यात बसत असे. जुळारी खणातून एकेक खिळा उचलून ओळ लावायचा. अंकात ‘ळ’ फार आले की खिळे संपायचे आणि आधीचं पान छापून सुटेपर्यंत थांबावं लागायचं! असा खिळा झटपट आणि मुबलक मिळणं म्हणजे काय, ते तेव्हा कळायचं. भिश्यांचं यंत्र मिनिटाला सुमारे १२०० खिळे ओतत असे, अशी नोंद आहे. त्या काळातल्या इतर यंत्रांच्या कितीतरी पट.

आता खरा मुद्दा. यंत्र उत्तम, पण ते कारखान्यात घडवून बाजारात उतरवायला भांडवल लागतं. दादाभाई १९०७ साली मायदेशी परतले आणि पैशाचा झरा आटला. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शब्द टाकला, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी पैसा घातला आणि १९१० साली टाटा-भिसे सिंडिकेट उभी राहिली. पाच वर्षांत तीही मिटली. १९१६ मध्ये भिसे न्यूयॉर्कला गेले. तिथे आयोडिनचं ‘अॅटोमिडीन’ नावाचं औषध काढलं. ७ एप्रिल १९३५ रोजी तिथेच वारले.

त्यांना ‘हिंदी एडिसन’ म्हणत. मला ही पदवी अपुरी वाटते. एडिसनच्या पाठीशी मेन्लो पार्कची प्रयोगशाळा होती, हाताखाली माणसं होती, गुंतवणूकदार होते. भिश्यांना प्रत्येक यंत्रामागे नवा आश्रयदाता शोधावा लागला.

म्हणूनच तळपद्यांची कथा आपल्याला सोयीची पडते. तिच्यात दोष इंग्रजांचा, आपल्याला करायचं काहीच नाही. भिश्यांची गोष्ट मात्र विचारते, तुम्ही काय दिलंत? वाच्छांनी चिठ्ठी दिली, गोखल्यांनी शब्द दिला, टाटांनी पैसा दिला.

आमच्या भाईंदर पूर्वेला गाळ्यागाळ्यांतून स्टीलची भांडी बनतात. तिथेच माझा एक जुना विद्यार्थी आहे, गणितात जेमतेम पास होणारा. पॉलिश करताना उडणारी धूळ कामगाराच्या नाकातोंडात जाते, म्हणून त्यानं जुना पंखा आणि पत्र्याचा नळ जोडून ती ओढून घेणारी सोय स्वतः बसवली. चालते छान. मी म्हटलं, चार गाळ्यांना करून दे की. म्हणाला, “सर, साहित्याला आधी पैसे घालायचे कोणी? शेजारचे म्हणतात, आधी फुकट लावून दाखव.” त्याच गाळ्यांत तो विमानाचा निरोप मात्र सगळ्यांनी पुढे पाठवलेला आहे, बरं का!

माझं म्हणणं एवढंच. मुलांना अभिमान शिकवायचा तर ज्याची नोंद सापडते, तारीख सापडते अशा माणसाचा शिकवावा. आणि पुढच्या वेळी तो निरोप आला की हात जोडण्याऐवजी आपल्या गल्लीतल्या अशा एखाद्या पोराची चौकशी करावी. मी त्या विद्यार्थ्यासाठी ओळखीच्या दोन गाळेवाल्यांशी बोललोय. एक जण अर्धे पैसे आगाऊ द्यायला तयार झालाय.

तुमच्या पाहण्यात असं कोणी असेल तर जरूर कळवा.