प्रादेशिक सेनेतील पूर्णवेळ माणसे

प्रादेशिक सेनेचा कायदा १९४८ साली झाला. आपला व्यवसाय सांभाळून नागरिकाने लष्करी शिक्षण घ्यावे व प्रसंगी गणवेश चढवावा, ही त्यामागील कल्पना. पायदळ पलटणींत हे शिक्षण वर्षाकाठी सुमारे दोन महिने चालते. उरलेल्या दहा महिन्यांचे वेतन वाचते, म्हणून ही सेना स्वस्त. परंतु त्या दहा महिन्यांत शस्त्रागार कोणी सांभाळायचे? वाहने, नोंदवह्या, पुढील शिबिराची आखणी? त्यासाठी नियमित सेनेतील काही अधिकारी व शिक्षक या पलटणींत पूर्णवेळ नेमलेले असतात. काटकसरीची कात्री प्रथम त्यांच्यावर चालवण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तसे केल्यास शिबिराचे पहिले दिवस गंजलेली हत्यारे पुसण्यात जातील, आणि त्या दिवसांचे वेतन तर द्यावेच लागेल!

अर्थात पूर्णवेळ माणसे वाढवीत नेली, तर प्रादेशिक सेना वेगळी ठेवण्यात अर्थ काय? ती माणसे अर्धवेळ सैनिकाला तयार करण्यापुरतीच हवीत. त्याची जागा घेण्यासाठी नव्हेत. शिवाय सर्व पलटणींना एकच प्रमाण लागू पडणार नाही. तेल उद्योगातील विभागीय पलटणीचा जवान आणीबाणीतही आपले रोजचेच काम करतो. पायदळातील कारकुनाला मात्र दरवर्षी बंदूक नव्याने हाती घ्यावी लागते. शिक्षक अधिक हवेत ते तेथे.